लॉन उखडू नका, आधी लव्हाळ्याची गाठ शोधा

*प्रिय ताई,*

*आम्ही दोघंही निवृत्त. तळेगाव दाभाड्याला रो-हाऊस घेतलं, पुढे साधारण सहाशे चौरस फूट मोकळी जागा आहे. ह्यांची फार वर्षांची हौस, म्हणून मेअखेरीस लॉन करून घेतलं. कंत्राटदाराने सिलेक्शन नंबर वन जातीच्या गवताचे तुकडे आणून दोन दिवसांत अंथरले. जून संपेपर्यंत दृष्ट लागावी असं हिरवंगार होतं. जुलैत पाऊस लागला आणि मधूनमधून चकचकीत, उभी पाती वर यायला लागली. उपटली की चार दिवसांत पुन्हा हजर, तीही आधीपेक्षा जास्त. कुंपणाकडून शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधलं गाजर गवत घुसलंय. कडेला कंत्राटदारानेच लावलेला पिवळ्या फुलांचा वेल आता लॉनमध्ये सरकतोय. हे रोज सकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी खुरपं घेऊन बसतात. आता त्यांच्या हातांना आणि मानेला खाज सुटते. भाचा म्हणतो टू-फोर-डी हे तणनाशक मारा. शेजारी म्हणतात मिठाचं पाणी घाला. कंत्राटदार म्हणतो, “एवढं तण येतंच. नको असेल तर वरून मेक्सिकन लॉन टाकून देतो.” त्याचे पैसे अर्थात वेगळे. शेवटचा हप्ता आम्ही अजून दिलेला नाही. सगळं उखडून टाकावं का?*

*– एक वाचक, तळेगाव दाभाडे*

नमस्कार काकू,

लॉन उखडू नका. भर पावसात तर नकोच नको. पण काकांनाही उद्यापासून खुरपं घेऊन बसू देऊ नका. आधी त्यांचे हात आणि मान त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि गाजर गवत हाताळलंय हे आवर्जून सांगा. हातांबरोबर मानही खाजते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला त्या गवताची शंका येते. गाजर गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते, आणि सुकलेल्या पानाफुलांचा भुगा वाऱ्याने उडून उघड्या अंगावर बसला तरी पुरते. ही ॲलर्जी एकदा जडली की पुढच्या वेळी थोड्याशा संपर्कानेही उसळते. म्हणून ते गवत यापुढे काकांनी उपटायचंच नाही. ज्याला त्रास होत नाही अशा माणसाकडून, लांब बाह्यांचा सदरा आणि रबरी हातमोजे घालून, पावसाने माती मऊ असताना मुळासकट काढून घ्या. काम झालं की हात साबणाने धुवायचे आणि कपडे लगेच धुवायला टाकायचे. उपटलेलं गवत जाळू नका.

हे काम याच आठवड्यात का, तर चांदण्यांसारखी पांढरी फुलं धरण्याआधी ते निघायला हवं. आपल्याकडे त्याला चटकचांदणी म्हणतात ते या फुलांवरूनच. एक झाड हजारोंनी बी टाकतं आणि ते मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृतीचा आठवडा पाळतं. तुमच्या सोसायटीला त्या निमित्ताने शेजारचा प्लॉट साफ करायला उभं करता आलं तर बघा. एकट्या तुमच्या कुंपणाआत कितीही उपसलं तरी पलीकडून बी येतच राहणार. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आयात गव्हाबरोबर इथे आलं असं मानतात, आणि देशात त्याचा बोभाटा सुरू झाला तो आपल्या पुण्यातून, १९५५ च्या आसपास. म्हणजे तुम्ही त्याच्या जुन्या गावाशेजारीच राहायला आलात.

त्या प्लॉटवर गाजर गवताची पानं कुरतडणारे पिवळट, पाठीवर तपकिरी रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले तर ते मारू नका. तो मेक्सिकन भुंगेरा आहे, याच कामासाठी १९८४ मध्ये बंगळूरकडे सोडलेला. आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टाकळ्याच्या शेंगा वाळतील तेव्हा बी गोळा करून ठेवा. पुढच्या जूनमध्ये मालकाला विचारून त्या प्लॉटवर फेका. टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागा मिळत नाही, आणि तुम्हाला कोवळ्या पानांची भाजी मिळते.

आता तुमचं मुख्य दुखणं, ती चकचकीत पाती. एक पात बुडाशी धरून दोन बोटांत फिरवून बघा. दांडा गोल न लागता तिधारी लागला, तर तो लव्हाळा. मग शेंडा न ओढता खुरपं चांगलं वीतभर खाली घालून मातीसकट एक ठोंब उचला आणि पाण्यात धुवा. खाली काळपट, करवंदाएवढ्या किंवा त्याहून लहान गाठी दिसतील, पातळ दोऱ्यासारख्या मुळांनी एकीला एक माळेसारख्या जोडलेल्या. गाठ फोडून हुंगा, सुवास येईल. दिवाळीच्या उटण्यात पडणारा नागरमोथा हा याचा किंवा याच्या अगदी जवळच्या भावंडाचा कंद.

काकांच्या मेहनतीवर पाणी कसं पडतं ते या माळेत दडलंय. पात ओढली की ती बुडाशी तुटते आणि गाठ जमिनीतच राहते. प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात. वरचा एक कोंब जोमात असेपर्यंत बाकीचे डोळे आणि माळेतल्या शेजारच्या गाठी निजून असतात. तो कोंब तुटला, किंवा खुरप्याने माळ मध्येच कापली, की निजलेल्या जाग्या होतात. म्हणून एक उपटलं तर तीन आले असं तुम्हाला वाटतं, आणि ते खरंच आहे.

पण यातच त्याचा उपायही आहे. प्रत्येक नवा कोंब गाठीतल्या साठ्यावर वाढतो. पानं काही आठवडे उन्हात राहिली की तो साठा भरून काढतो आणि खाली नवी गाठ धरायला लागतो. तेवढी सवड त्याला मिळू द्यायची नाही. माझा हिशेब असा: रोज बसायची गरज नाही, पण दहा-बारा दिवसांच्या आत पूर्ण लॉनवरून एक फेरी झालीच पाहिजे, आणि ती एकही चुकवायची नाही. रोज थोडं थोडं, जिथे नजर जाईल तिथे उपटण्यापेक्षा असं नेमाने केलेलं काम कितीतरी उपयोगी पडतं. दोन महिने चुकारपणा न करता हे केलं की कोंब बारीक आणि फिकट यायला लागतात. ती खूण दिसली म्हणजे गाठ थकत चालली आहे. आणि नेमका त्याच वेळी माणूस कंटाळून काम सोडतो. दर वर्षी मला येणाऱ्या पत्रांत हीच गोष्ट असते: श्रावणात जोरात सुरुवात, गणपतीत पाहुण्यांमुळे खंड, आणि नवरात्रापर्यंत सगळं पूर्वपदावर. गणपतीच्या दिवसांत तुम्हाला वेळ होणार नसेल, तर त्या एका फेरीसाठी निंदणीला जाणारी एखादी बाई रोजाने आत्ताच सांगून ठेवा. गावाकडच्या बायकांचा या कामातला हात आपल्यापेक्षा फार सफाईचा असतो. फक्त पहिल्या दिवशी त्यांना गाठ काढून दाखवा आणि सांगा की शेतात नुसतं कापलं तरी चालतं, इथे गाठीसकट हवं.

जिथे दोन-चारच कोंब आहेत तिथे अरुंद, लांब पात्याचं खुरपं कोंबाच्या कडेने सरळ खाली घालून गाठ अलगद उचलायची. जिथे लव्हाळ्याने पुंजकाच केलाय तिथे एकेक कोंब काढत बसू नका. फूटभर चौकोन आखा, वरचं लॉन कापून बाजूला करा, खालची सहा-आठ इंच माती घमेल्यात काढा, वाळू चाळायच्या चाळणीतून चाळा, गाठी वेचा आणि तीच माती परत भरा. वर जे लॉन कापलंय ते पुन्हा लावू नका, त्याच्या मुळांतही गाठी असतात. कडेच्या निरोगी भागातून चार-चार बोटांचे ठोंब काढून तिथे लावा. सिलेक्शन नंबर वन पसरत जाणारं गवत आहे, पावसाळ्यात महिन्याभरात खड्डा भरून काढतं. वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकाल तर पुढच्या वर्षी तेच खत त्या परत पेरेल. गच्चीवर पत्र्यावर पसरून खडखडीत वाळवा. ओलावा गेला की गाठ मरते. ऑगस्टात ऊन नसेल तर बादलीभर गाठी कचऱ्यात द्या, त्यांचा मोह नको.

तुमचं लॉन सिलेक्शन नंबर वन आहे, म्हणजे हरळीचीच एक निवडलेली जात. म्हणून मध्ये कुठे साधी हरळी, म्हणजे दूर्वा, दिसली तर घाबरून जाऊ नका. ती थोडी जाडसर दिसेल एवढंच, गणपतीला वाहायला घरच्या दूर्वा होतील. मेक्सिकन लॉन असतं तर मी हरळीलाही तण म्हटलं असतं.

त्या पिवळ्या फुलांच्या वेलाबद्दल मात्र मला राग आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो वेडेलिया वाटतो. त्याची ओळख अशी: जाडसर, दातेरी, चकाकणारी हिरवी पानं आणि छोट्या सूर्यफुलासारखी फुलं. स्वस्त, वाढायला सोपा आणि बारमाही हिरवा, म्हणून नर्सऱ्यांतून आणि सोसायट्यांच्या कडांनी तो सगळीकडे लावला जातो. पण उष्ण कटिबंधीय अमेरिकेतला हा वेल जगातल्या शंभर सर्वांत घातक उपद्रवी प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. त्याच्या दांडीचं प्रत्येक पेर जमिनीला टेकलं की मूळ धरतं. लॉनचं यंत्र त्यावरून फिरलं तर कापलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होऊ शकतो. म्हणून कापणीच्या आधी कडेचा सगळा वेल हाताने, मुळं धरून काढून टाका. तुकडे मोजत बसावे लागले तरी चालेल, एकही मागे ठेवू नका. तो ढीग ओढ्याकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर फेकू नका. मावळातल्या ओढ्यांच्या काठी आधीच पुरेसा वेडेलिया पसरलाय. सिमेंटच्या अंगणात पसरून कुरकुरीत वाळवा, मगच टाका. त्याच्या जागी शहाबादी फरशीचे पट्टे उभे गाडून सहा इंच खोल कड करा. त्याने बाहेरून सरकणारं बरंच काही अडतं. फुलं हवी असतील तर कडेच्या पलीकडे अबोली लावा.

आणखी काही पाहुणे तुमच्याकडे असतीलच. आंबुटीची तीन बदामी पानं ओळखू येतात. तिची शेंग पिकली की फुटून बी दूर उडतं, म्हणून पिवळं फूल दिसलं की त्याच दिवशी काढा. घोळ आणि केना दोन्ही खायच्या भाज्या, पण उपटून तिथेच टाकल्या तर ओल्या मातीत पुन्हा रुजतात. केना तर जमिनीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो, तेव्हा तो मुळापासून निघाला पाहिजे. एकदांडीचं बी वाऱ्यावर येतं, त्याला कुंपण नाही. ही सगळी तणं लव्हाळ्याच्या मानाने सोपी आहेत. लॉन घट्ट झालं की त्यांना उगवायला जागाच उरत नाही.

आणि लॉन घट्ट करायचं म्हणजे त्याला खायला-प्यायला नीट द्यायचं. तुकड्यांमधल्या फटी अजून उघड्या असतील, त्याच तणाच्या वाटा. चाळलेली, स्वच्छ माती आणि पूर्ण कुजलेलं खत समान घेऊन त्या फटी भरा. कच्चं शेणखत अजिबात नको. गुरांनी खाल्लेल्या गवताचं बी त्यात तसंच असतं. पावसाला उघडीप मिळाली की शंभर चौरस फुटांना पन्नास ग्रॅम युरिया, कोरड्या पानांवर सारखा पसरून, लगेच पाणी. मुसळधार पावसात टाकाल तर सगळा वाहून जाईल. कापणी पावसाळ्यात आठवड्याला एकदा, दीड इंचाच्या आसपास, आणि एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कापायचा नाही. अगदी खरवडून कापलं की माती उघडी पडते आणि उन्हाला आसुसलेला लव्हाळा खूश होतो. माळी दहा बंगल्यांतून फिरवलेलं यंत्र आणत असेल तर आधी त्याचं पातं आणि खालची बाजू तुमच्या फाटकाबाहेर धुवायला लावा. पाणी कुठे साचतंय ते पावसातच पाहून ठेवा, लव्हाळ्याचं सगळं कूळ तशा ओलीवर पोसतं. दिवाळीनंतर रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी, पण खोलवर भिजेल असं पाणी द्या.

मिठाचं पाणी घालू नका, काकू. मीठ मातीत राहतं, लॉनची मुळं जाळतं, मातीचा पोत घालवतं, आणि गाठी मात्र पुढच्या पावसाने मीठ धुऊन गेल्यावर पुन्हा फुटतात. टू-फोर-डीचंही नाव काढू नका. ते रुंद पानांच्या तणांसाठी आहे, लव्हाळ्याच्या गाठीचा त्याने निकाल लागत नाही. शिवाय त्याची बारीक वाफ आणि तुषार वाऱ्याने दूर जातात आणि टोमॅटो, द्राक्ष, गुलाब यांची पानं पिळवटतात. तुमच्या मावळात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत, कुणाच्या पोटावर पाय नको. ग्लायफोसेट तर लॉनच मारेल. उसातल्या लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक वापरतात आणि ते गाठीपर्यंत पोचतं, हे खरं. पण आपल्याकडे त्याची शिफारस ऊस आणि मक्यासाठी आहे, मात्रा एकरी काही ग्रॅमची असते, आणि सहाशे चौरस फुटांसाठी ती घरच्या चमच्याने मोजता येत नाही. जेमतेम अडीच महिन्यांच्या लॉनवर ते मारायचा सल्ला मी देणार नाही. पुढच्या वर्षी मुळं पक्की झाल्यावरही गरज वाटली, तर आधी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात लव्हाळ्याचं आणि लॉनचं रोप घेऊन जा, तिथल्या तज्ज्ञांना दाखवा आणि मगच ठरवा.

“वरून मेक्सिकन लॉन टाकून देतो” हा तर शुद्ध पैसे काढायचा प्रकार आहे. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, तो प्लॅस्टिकचा कागदही भोसकून वर येतो. गाठी त्याच मातीत असताना वर कुठलंही गवत अंथरा, तो त्यातून येणारच.

उखडायचं की नाही हे मार्गशीर्षात ठरवा. सुतळीने लॉनचे साधारण पाच फुटांचे चौकोन आखा आणि किती चौकोनांत लव्हाळा उरलाय ते वहीत लिहा. आजही एकदा लिहून ठेवा, म्हणजे फरक कळेल. निम्म्याहून कमी चौकोन असतील तर हेच काम चालू ठेवा, जिंकाल. निम्म्याहून जास्त असतील आणि पुंजके दाट असतील, तर मात्र मन घट्ट करून एप्रिलमध्ये लॉन काढा. तेव्हा फूटभर खणा, ढेकळं उन्हात उलटीपालटी करत राहा, गाठी वेचा, माती चाळा. एक-दोनदा पाणी देऊन उरलेल्या गाठी मुद्दाम फुटू द्या आणि त्याही काढा. नंतर माती भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून, कडा मातीत दाबून मे महिनाभर ठेवा. काळं नको, पारदर्शकच, म्हणजे उष्णता आत कोंडते आणि वरच्या थरातलं बी शिजून मरतं. खोलवरच्या गाठी याने मरत नाहीत, म्हणून चाळणीला पर्याय नाही. हे सगळं पहिल्याच वेळी, लॉन अंथरण्याआधी व्हायला हवं होतं. माती तयार करून पाणी द्यायचं, तण उगवू द्यायचं, काढायचं, पुन्हा एकदा तेच, आणि मग लॉन. यात महिना-दीड महिना जातो आणि कंत्राटदाराला तो परवडत नाही. दोन दिवसांत झालेलं तुमचं लॉन बघून मला वाईट वाटतं ते यासाठी.

हप्ता थांबवलाय ते योग्य केलंत. आता त्याला बोलावून त्याच्यासमोर लॉनच्या तीन-चार ठिकाणी खुरप्याने खड्डा करा. लाल माती किती इंच टाकायचं ठरलं होतं आणि किती निघते ते पट्टीने मोजा. गाठी वरच्या आणलेल्या मातीत आहेत, लॉनच्या तुकड्यांना चिकटलेल्या मातीत आहेत, की खालच्या जुन्या जमिनीत, तेही बघा. पहिल्या दोन्हींपैकी कुठेही सापडल्या तर ती त्याने आणलेली अडचण आहे आणि निस्तरायची जबाबदारीही त्याचीच. जुन्या जमिनीत असतील तर त्याचा दोष अर्धा, कारण जमीन न तपासता त्याने काम केलं. दोन्ही परिस्थितींत वेडेलिया काढून देणं आणि दाट पुंजक्यांची माती बदलून देणं हे त्याच्याकडून लिहून घ्या, काम झाल्यावर पैसे द्या. लॉनचे नवे तुकडे आणणार असेल तर उरुळी कांचन किंवा सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांत स्वतः किंवा भाच्याला पाठवा, प्रत्येक तुकडा उलटा करून खालची माती बघूनच घ्या. आणि त्याने मातीचा ट्रक आणला, तर तो रिकामा व्हायच्या आत दोन घमेली माती चाळून बघा. एक जरी गाठ सापडली तरी ट्रक परत पाठवा.